स्पिरिट आटले त्या दुपारी

मित्रांनो, मी समुद्रातला एक किडा आहे, आणि मेलेला आहे. माझ्या अंगाच्या दोन्ही कडांना पायांसारखे बारीक फुगवटे आहेत. प्रत्येकातून ताठ, चमकदार केसांचा झुपका निघतो. कोकणच्या किनाऱ्यावर एका दगडाखाली, ओल्या वाळूत माझे बीळ होते. एकदा ओहोटीला स्नेहलताईने तो दगड उचलला आणि माझे जगणे संपले.

स्नेहलताई बोदवडची. जळगावच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवते. तिची आई द्रौपदाबाई म्हणायची, "समुद्रातले किडे शोधायला खान्देशातूनच जायचं होतं का गं तुला?"

ताईने मला स्पिरिटच्या बाटलीत ठेवले. भिंगाखाली पाहताना ती एकदम थांबली. माझ्या केसांच्या टोकाला दुहेरी आकडा आहे. तसा आकडा माझ्या कुठल्याच भाऊबंदाला नाही. म्हणजे माझी जात नवी! ती पुन्हा त्या किनाऱ्यावर गेली, पण माझ्यासारखा दुसरा तिला मिळाला नाही. तेव्हापासून मला धास्ती बसली. नव्या जातीचे वर्णन छापले, की ते पडताळायला मूळ नमुना जपावा लागतो. तो नमुना मी एकटाच होतो.

माझी चित्रे काढून घ्यायला ती मला धुळ्याच्या एका चित्रकाराकडे घेऊन निघाली. मे महिना होता. एसटीच्या खिडकीतून झळा येत होत्या. बाटली तापली, झाकण सैल झाले आणि स्पिरिट पिशवीत पाझरू लागले.

"हाऊ वास कसाना शे?" मागच्या सीटवरचे झिपरू आबा ओरडले. "आग लागनी तं बठ्ठा मरतीन!"

सगळे मरतील म्हटल्यावर गाडीत गलका झाला. कंडक्टर धावत आला. "ताई, ती बाटली आधी बाहेर फेका!"

बाहेर तापलेला डांबरी रस्ता पळत होता.

"दादा, ह्याच्या जातीचा दुसरा अजून कुणालाच सापडलेला नाही," ताई म्हणाली. "गाडी थांबवा. मी उतरते."

पारोळ्याच्या पुढे एका फाट्यावर ती उतरली. बाटलीत जेमतेम तळाशी ओल उरली होती. माझी पाठ उघडी पडली. कातडी आकसू लागली. डाव्या बाजूचे केस काचेला चिकटले आणि मोडले. मला ते समजत होते, पण हलता येत नव्हते. ताई ओढणीने बाटलीवर सावली धरून गावाकडे पळत होती.

गावातल्या दवाखान्यात बेबाबाई नर्स होत्या. "पोरी, कुठे लागलं?"

"मला नाही, ह्याला. थोडं स्पिरिट द्या ना."

बेबाबाईंनी बाटलीत डोकावून पाहिले. "हाऊ तं मरेल शे!"

"मेलाय, पण सुकला तर त्याची ओळखही जाईल."

बेबाबाईंनी कपाटातून स्पिरिट काढले. बाटली काठोकाठ भरली आणि झाकणावर चिकटपट्टी गुंडाळून दिली.

पुढे माझे वर्णन छापून आले. मला नाव मिळाले. "डाव्या बाजूचे काही केस मोडलेले," असेही ताईने त्यात प्रामाणिकपणे लिहिले. आता मी एका संग्रहालयाच्या कपाटात आहे. उन्हाळा आला, की माझी नजर स्पिरिटच्या पातळीवर खिळते. शेजारच्या एका बाटलीत तर आता नुसता तपकिरी चुरा आहे. तो कोण होता, हे कुणालाच सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही अशा बाटल्या असतील. येता-जाता त्यांच्याकडे बघा. पातळी उतरली असेल, तर बाईंना सांगा. आम्हाला हाक मारता येत नाही.