आईची कटकट

सोसायटीच्या सभेत मी स्पष्ट सांगितलं, "माझ्या दारावर वायफायचा डबा लावायचा असेल तर वायफायचं नाव 'आईची कटकट'च राहील. पासवर्डसुद्धा माझाच."

सेक्रेटरी त्र्यंबकरावांनी कपाळाला हात लावला. "अहो सुहासिनीताई, घोडबंदर रोडवरचा एवढा मोठा टॉवर! पाहुण्यांना हे नाव सांगायचं?"

"सांगा की! घरोघरी मातीच्या चुली."

मजल्यागणिक एक डबा, एक गेटवर, सगळ्या इमारतीला एकच वायफाय, घरातले जुने राउटर बंद, असं ठरलं होतं. पण आमच्या मजल्याचा डबा माझ्या दारावरच बसायला हवा होता. अडला हरी! मी गाढव ठरले तरी चालेल. सगळे झाले कबूल.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. ते नाव माझ्या लेकीनं, क्षिप्रानं ठेवलेलं, चेष्टेत. पुढे त्याच कटकटीवरून भांडून ती कल्याणला वेगळी राहायला गेली. तिनं फोन केला नाही, मीही नाही. मी का आधी करू? आई आहे मी! पण नाव आणि पासवर्ड तेच असले की फोन आपोआप जोडला जातो म्हणे. कधी आलीच, तर निदान तिच्या फोननं तरी घर ओळखावं. दिवाळी गेली, तिचा वाढदिवस गेला. बेल वाजली की जीव वरखाली व्हायचा, आणि दारात मेला कुरियरवाला.

काल वायफायवाला साईनाथ डबे तपासायला आला. कुठल्या डब्याला कुणाचा फोन जोडला गेला, ते त्याच्या मोबाइलवर नावासकट दिसतं. मी नेहमीसारखं विचारलं, "क्षिप्राचा फोन दिसतो का रे कुठे?"

"दिसतोय की काकू! गेटवरच्या डब्यावर. रविवारी संध्याकाळी चांगला अर्धा तास होता."

"आणि वर? आपल्या मजल्यावर?"

"वर नाय आला."

अर्धा तास! माझी पोर गेटपाशी उभी होती, आणि मी इथे मटार सोलत बसलेली. मला रडू आवरेना. साईनाथ बिचारा गडबडून पाणी घेऊन आला.

तो गेल्यावर मी फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"क्षिप्रे, गेटपर्यंत येतेस, मग वर यायला काय झालं होतं गं? पाय मोडले होते?"

पलीकडे ती रडत होती की हसत होती, कळेना. "आई, तू अजून तेच नाव ठेवलंयस?"

"अख्खी बिल्डिंग माझी कटकट वापरते आता," मी म्हटलं. "तूच तेवढी राहिलीस. ये."