करदोट्यातली चावी

मागच्या पावसाळ्यात आमचा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, पुरात गेला. मासेमारी करणाऱ्या घरात डोंगा जाणं म्हणजे हातपाय जाणं. म्हणून बाबांनी नव्या डोंग्याला साखळी घातली. मोहाच्या झाडाला आखूड दोन वेढे, वर कुलूप, चावी कमरेच्या करदोट्यात.

"आता नेऊन दाखव," ते घरापुढच्या नाल्याला म्हणाले. नाल्याने ऐकून घेतलं.

आज सकाळी बाबा पुरापासून वाचायचं प्रशिक्षण घ्यायला चालतच नाल्यापलीकडे गेले. चावी अर्थातच कमरेला. आमच्याकडे ऊन होतं, आईने अंगणात मासे वाळत घातले होते. वर डोंगरात कुठेतरी ढग फुटला आणि दुपारी ते मासे पुन्हा पोहायला लागले.

टेकाडाकडची वाट बुडाली. मी साखळीवर कुऱ्हाड घातली, कुऱ्हाडीलाच दाते पडले. पाणी चढलं, पण आखूड साखळीमुळे डोंग्याला चढता येईना. त्याने नाक खाली घातलं, मग तो दिसेनासा झाला. आम्ही छपराच्या कवेलूंवर चढलो. नेटवर्कसाठी आम्ही एरवी टेकडी चढतो. ते आमच्याच छपरावर मिळतं हे आज कळलं.

बाबांचा फोन आला, मी स्पीकर लावला. ते बांबूंच्या आड, पलीकडच्या काठावर होते; तिथून त्यांना आम्ही दिसत नव्हतो.

"निकेश, भिऊ नको. मले सगळं शिकवलं. पह्यला नियम, पाणी यायच्या आधी निघायचं."

"दुसरा सांगा, बाबा."

"दुसऱ्याच्या आधी पाणी आलं. सर पळाले."

"मदत?"

"निघाली होती. भामरागडच्या रस्त्यावर तेच अडकले. त्याइले काढाले दुसरे निघाले." मग ते म्हणाले, "मी चावी घेऊन येतो. तरंगायचं जाकेट आहे माह्याजवळ. नमुन्याचं आहे, आत काही नाई, पण आहे. मारतो उडी."

आईने माझ्या हातातून फोन ओढला.

"अवो, उडी नका मारू! कुलूप तुटलं. आमी डोंग्यात बसलो."

"कसं तुटलं? मजबूत होतं ते."

"तुमीच आनलं होतं ना, म्हनून तुटलं."

बाजारात कुलूप निवडायला बाबांनी अख्खी दुपार घातली होती.

"चंदे, वल्ह्याचा आवाज काऊन नाई येऊन राह्यला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पालथा झालो, हात खाली सोडला. पाणी बोटांना लागलं. छपाक. छपाक. आईने फोन जवळ धरला.

"जोरात नको मारू, निकेश. मधात जाऊ नको, काठाकाठानं घे."

"हो, बाबा."

"मंग मी नाई येत."

"नका येऊ," आई म्हणाली आणि पदराने फोन पुसला. फोन कोरडाच होता.

"टेकाडाले लागले का?"

आईने मला थांबू नको अशी मान हलवली. मी वल्हवत राहिलो. आता हात खाली सोडावाही लागत नव्हता.