हजार लिटरांच्या पलीकडची नात

शमसुन्निसाचाचींनी अट घातली होती : आधी नातीचे डोळे बघणार, मगच नाव ठेवणार.

नात शनिवारी कतारला जन्मली. चाचींचा मुलगा उझैर तिथे नोकरीला. नाव सातव्या दिवशी ठेवायचं आणि ते आजीनेच ठेवायचं, ही त्या घराची रीत. एरवी चाची पहिल्या विमानाने गेल्या असत्या. पण महिन्यापूर्वी पायरी चुकून त्यांचा पाय मोडला होता आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालून त्या महाडच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीतल्या खाटेवर अडकून पडल्या होत्या.

“फोनवरच सांगा ना नाव,” समोरच्या घरातली वैदेही म्हणाली.

“फोनावर डोळे दिसतात होय गो?”

उझैरने पाठवलेला फोटो वैदेहीने छापून आणला. चाचींनी चष्मा वरखाली करून तो पाहिला आणि परत दिला. “ही झोपलीय. झोपलेल्या माणसाला हाक मारायची नाय.”

नावं दोनच होती. डोळे चाचींच्या माहेरच्या वळणावर असले तर अलीशबा. “आणि सासूबाईंवर गेले असतील,” चाचींनी सुस्कारा टाकला, “तर झुबेदा. काय करणार?”

त्या सासूबाईंची नजर दासगावपर्यंत प्रसिद्ध होती. दुधात पाणी घालणारा गवळी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जायचा. त्यांचे चिरंजीव म्हणजे युसुफचाचा यावर काही बोलत नसत. पण ते मनोमन काय मागतायत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग ठरलं : सातव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी अकराला, उझैरने व्हिडिओ कॉल करायचा. पण ते दोन हजार आठ साल होतं. त्या आळीत ब्रॉडबँड एकट्या वैदेहीच्या बाबांकडे, शरदरावांकडे होतं. चाचींना उचलून पलीकडे न्यायला डॉक्टरांची मनाई. लॅपटॉप चाचींकडे नेता येत होता. इंटरनेट कसं न्यायचं? रविवारी केबलवाल्याने रस्त्यावरून तार टाकून दिली. सोमवारी सकाळी युसुफचाचांचा ट्रक तिच्याखालून निघाला आणि तार टपावर घेऊन थेट नाक्यापर्यंत गेला.

“आता बिनतारी,” वैदेही म्हणाली. ती त्याच वर्षी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशांची वाट पाहत घरी होती. अशा मुलीच्या हाती माडीवरच्या खिडकीतला राऊटर आणि ‘ॲडव्हान्स्ड वायरलेस सेटिंग्ज’ असं लिहिलेलं पान सापडल्यावर तिला जेवायची तरी शुद्ध राहील का?

सोमवारी दुपारी तिने राऊटरचा चॅनल सहावरून अकरावर नेला आणि रस्ता ओलांडून चाचींच्या खोलीत लॅपटॉप उघडला. सिग्नलच्या चार काड्या. चाचींनी तिची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. मंगळवारी सकाळी पुन्हा पाहिलं तर एकही काडी नाही. तिने प्रक्षेपणाची ताकद शंभर टक्के केली. दुपारी चार काड्या. बुधवारी सकाळी भोपळा. मग डेटाचा वेग कमी केला, दुपारी झकास. प्रत्येक बदल तिने वेळेसह वहीत टिपला होता आणि प्रत्येक बदल दुपारी यशस्वी, सकाळी नापास होत होता.

“तुझं यंत्र सरकारी हाय,” युसुफचाचा म्हणाले. “जेवल्याबिगर कामाला लागत नाय.”

गुरुवारी तिने मुद्दाम काहीच बदललं नाही. तरीही साडेदहालाच चार काड्या आल्या. हुश्श झालं. अकराच्या कॉलची चिंता मिटली म्हणून ती त्या रात्री गाढ झोपली.

शुक्रवारी सकाळी दहाला एकही काडी नव्हती.

वैदेही धावत माडीवर आली आणि वही उघडून बसली. सेटिंग्ज कालच्याच, लॅपटॉप तोच. चार दिवसांत एकच सकाळ वेगळी निघाली होती.

“आई, काल सकाळी घरात काय वेगळं झालं?”

“काय व्हायचंय?” अंबिकाबाई जिन्यातूनच म्हणाल्या. “दिवाळी तोंडावर आली म्हणून गोधड्या धुतल्या. दहाच्या आत टाकीचा तळ दिसला.”

वैदेहीने खिडकीतून पाहिलं. खिडकीच्या जरा खाली न्हाणीघराचा स्लॅब, त्यावर काळी हजार लिटरची टाकी. टाकीच्या बरोबर मागे, रस्त्यापलीकडे, चाचींची खोली. नळाला पाणी सकाळी आठला येई, टाकी काठोकाठ भरे आणि दुपारपर्यंत निम्मी होई. राऊटरच्या लहरी आणि मायक्रोवेव्हच्या भट्टीतल्या लहरी एकाच जातीच्या. भट्टीत पाणी तापतं ते त्या लहरी पिऊनच. इथे तर टनभर पाणी वाटेत तोंड वासून बसलं होतं. तिने पाच दिवस सेटिंग्ज तपासल्याच नव्हत्या. घरातल्या पाण्याचा वापर मोजला होता.

“आई, टाकी रिकामी करायची! सगळे नळ सोड!”

“पाणी गटारात?” अंबिकाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.” आणि मग त्यांनीच अंगणात जाऊन आवाज दिला, “चंपाबाई! हंडे घेऊन या! असतील नसतील तेवढे!”

पुढची पस्तीस मिनिटं आळीने जन्मात पाहिली नव्हती अशी गेली. शेजारच्या चंपाबाई हंडा आणि तीन कळशा घेऊन आल्या आणि येताना चार बायकांना बोलावून आल्या. कुणी पिंप आणलं, कुणी बाळाचा टब. नळाला पाइप जोडून युसुफचाचांनी रस्त्यावरचा ट्रक धुवायला घेतला. माल भरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचा तो ट्रक, चाकांपासून टपापर्यंत.

“अहो, ट्रकसाठी ड्रायव्हर पोलादपूरला खोळंबलाय ना?” चाची खाटेवरून ओरडल्या.

“खोळंबू दे! नात बघायची हाय!”

वैदेही चाचींच्या खोलीत लॅपटॉप धरून उभी होती. “एक काडी!” ती ओरडली. बाहेर बादल्यांचा वेग वाढला. “दोन!” चंपाबाईंनी उत्साहाच्या भरात दारातल्या तुळशीला तिसऱ्यांदा पाणी घातलं. अकराला पाच कमी असताना चार काड्या आल्या.

अकरा वाजता पडद्यावर उझैर दिसला. खोलीत दहाएक ओल्या माणसांची गर्दी.

“अम्मी, तिथं पूर आलाय काय?”

“तुझं सोड रे. तिला दाखव.”

उझैरने मुलीला कॅमेऱ्यासमोर धरलं. इवलंसं गुलाबी तोंड, मिटलेले डोळे. गाढ झोप.

“उठवू?”

“झोपलेल्या लेकराला उठवत नाय. थांबू आम्ही.”

आणि सगळे थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग चित्र अडखळलं. उझैरचा हात चौकोनी झाला आणि काड्या चारच्या तीन, तीनच्या दोन झाल्या.  वैदेहीने कान टवकारले. रस्त्यापलीकडून घुर्र असा आवाज येत होता. बाबा! सकाळपासून बाजारात गेलेले शरदराव परतले होते, टाकी कोरडी पाहून हळहळले होते आणि कर्तव्यदक्ष गृहस्थाप्रमाणे त्यांनी विहिरीवरची मोटर सुरू केली होती.

“बाबाऽऽ! मोटर बंद कराऽऽ!”

अशी आरोळी तिने आयुष्यात ठोकली नव्हती. मोटर थांबली. पण आरोळी तेवढ्यावर न थांबता लॅपटॉपमध्ये शिरून कतारला पोचली होती. पडद्यावरचं चित्र पुन्हा हललं तेव्हा मुलीने डोळे उघडले होते. नुसते उघडले नव्हते. भुवया गोळा करून, ओठ आवळून, झोपमोड करणारा कोण आहे हे ती एकेकाच्या तोंडाकडे पाहून तपासत असावी, असं वाटत होतं.

 चंपाबाईंनी नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला.

“अगो बाय माझे,” चाची पुटपुटल्या. “ह्या तर सासूबाई!”

मग त्या इतक्या हसल्या की प्लास्टरमधला पाय हलायला लागला. हसता हसताच त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात तीनदा हाक मारली, “झुबेदा! झुबेदा! झुबेदा!” तिसऱ्या हाकेला मुलीच्या भुवया सुटल्या. युसुफचाचा ओल्या सदऱ्यानेच डोळे पुसत दारात गेले आणि आळीभर सगळ्यांना पेढे जाहीर करून आले.

दुपारी अंबिकाबाई माडीवर केर काढायला आल्या. खिडकीपाशी थांबल्या, टाकीकडे पाहिलं, राऊटरकडे पाहिलं.

“वैदू, एक विचारू? ही डबी खिडकीच्या या टोकाकडून त्या टोकाला सरकवली असती तर?”

वैदेहीने पाहिलं. खिडकी सहा फुटी. टाकी साडेतीन फुटी. उजव्या टोकाकडून चाचींची खोली लख्ख दिसत होती. तिने वही उघडली आणि लिहिलं : ‘राऊटर चार फूट उजवीकडे.’ मग तिला हसू आवरेना.

“चाचींना सांगू नकोस हं आई.”

“मी कशाला सांगू?” अंबिकाबाईंनी केरसुणी उचलली. “दहा वर्षांत पहिल्यांदा युसुफभाईंचा ट्रक धुतला गेलाय.”