बारा तारखेची मॅच

रामहरी गाडे सरांना कुठलीही गोष्ट लहान करता येत नसे. शाळेत लेझीम बसवायची तर दोनशे पोरांची, झाडं लावायची तर पुऱ्या टेकडीभर, आणि भाषण करायचं तर समोरच्यांची चुळबुळ सुरू होईपर्यंत. तिसगावच्या हायस्कुलात खेळाचे मास्तर म्हणून त्यांना बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत त्यांनी पुष्कळ मोठमोठं आखलं. त्यातलं पार किती पडलं, हे मात्र कुणी विचारायचं नाही. सर मनाला लावून घेत.

फुटबॉलचं तेवढं जमलं होतं, आणि तेही न आखता. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा सरकारी योजनेतून शाळेला तीन फुटबॉल आले. मुलं क्रिकेटवेडी, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मुलींनी ते उचलले आणि मुरमाड मैदानावर गुडघे फोडून घेत खेळायला लागल्या. सरांनी मग मोबाईलवर व्हिडिओ बघूनबघून त्यांना शिकवलं. तालुक्याला पोरींनी कप आणला, जिल्ह्याला दुसऱ्या आल्या.

या संघाच्या गोलात उभी राहायची ती जया. नववीतली, उंच, हाडापेरानं मोठी, बोलायला अगदी कमी. आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा ही गावात चुलत्याकडं राहून शाळा करायची. चेंडू कुठं येणार हे तिला मारणाऱ्याच्या आधी कळतं, असं सर स्टाफरूममध्ये ज्याला त्याला सांगत. नगरला जाऊन त्यांनी तिच्यासाठी गोलकीपरचे हातमोजे आणले होते, हिरवे आणि जाडजूड. ते ती पिशवीत घालून पुस्तकांच्या वर ठेवायची.

त्या वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात होणार, आणि त्यातले काही सामने नवी मुंबईत, ही बातमी सरांनी पेपरात वाचली आणि चहा तसाच ठेवून उठले. जगभरातल्या पोरी, यांच्याच वयाच्या, सात-आठ तासांच्या अंतरावर खेळणार होत्या. घरी सविताला, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "तुझ्या भावाला फोन लाव. कोपरखैरण्याला दहा पोरींची झोपायची सोय करायची."

दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला त्यांनी मुलींना मैदानावर गोल बसवलं आणि कागद काढला. नवी मुंबईतला पहिला सामना बारा ऑक्टोबरला होता. फायनल तीस ऑक्टोबरला.

"आपण जाणार फायनलला," सर म्हणाले.

मुली ओरडल्या, एकमेकींच्या पाठीत बुक्क्या घातल्या. जया ओरडली नाही. ती मुरमावर काडीनं रेघा ओढत होती. थोड्या वेळानं तिनं मान वर केली.

"सर, पहिली मॅच चालनार न्हाई का?"

सर हसले. "अगं, पहिल्या मॅचला काय असतं? कप काय पहिल्या मॅचला देतात? गोल अडवायला उभी राहतेस आणि एवढं कळत नाही होय?"

सगळ्या मुली हसल्या. जयाही कसनुशी हसली आणि पुन्हा काडी ओढायला लागली. सरांना आपला विनोद आवडला होता. तो त्यांनी संध्याकाळी सविताला पुन्हा सांगितला.

खरं सांगायचं तर कपापेक्षाही त्यांना फोटो हवा होता. मागं झगमगतं स्टेडियम, पुढं तिसगावच्या दहा पोरी, कडेला सर. आणि तो फोटो नगरच्या पेपरात. बॅनरचा मजकूरसुद्धा त्यांनी लिहून ठेवला होता. पहिल्या सामन्याला जाऊन आलेल्यांचा फोटो कोण छापतो?

मग आखणीला जोर आला. शाळेची परवानगी, पालकांच्या सह्या, क्रूझर जीप, सोबतीला बाईमाणूस म्हणून शाळेच्या शिपाई साळूबाई. तिकिटं त्यांनी मोबाईलवरून काढली आणि नगरच्या सायबर कॅफेतून कागदावर छापून आणली, कारण मोबाईलचा भरवसा नाही. मुलींची दहाही तिकिटं एका फायलीत, प्रत्येकाला वेगळं पाकीट, पाकिटावर मुलीचं नाव. जाताना शिरूरला चहा, पुण्याच्या पुढं जेवण, जेवणात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गाडी लागणाऱ्या मुली कोणत्या, त्यांना खिडकी कोणती, हेही त्यांनी लिहिलं होतं. एवढं सगळं विचारून लिहिलं त्यांनी, एक सोडून.

जयाच्या घरी सहीला गेले तेव्हा तिचा बाप हनुमंत दारात कोयत्याला दगडावर धार लावत होता. आई सत्यशीला आत बसली होती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. गोठ्यात पाय घसरून पडली म्हणाली. सरांनी काळजी घ्या म्हणून सांगितलं आणि विश्वचषकाकडं वळले. हनुमंतनं सगळं ऐकून घेतलं.

"फायनल दिवाळी झाल्यावर आहे," सर म्हणाले. "तुमची ऊसतोडीची टोळी दिवाळीनंतरच निघते ना? आमच्या कोल्हारला दरवर्षी दिवाळी झाल्यावरच येते. आणि जयाला कुठं जायचंय, ती तर इथंच."

हनुमंतनं धार बोटानं तपासली. "बघू सर. दिवाळीचं दिवाळीला." मग त्यानं सही केली, कारण घरी आलेल्या मास्तराला नाही म्हणायचं त्याच्यानं झालं नसतं.

सरांचं घर कोल्हारचं, प्रवरेच्या काठचं, उसाचं. लहानपणापासून त्यांनी टोळ्या येताना पाहिल्या होत्या. दिवाळीचा फराळ संपत आला की त्यांच्या मळ्याच्या कडेला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहायच्या, सकाळी सकाळी कोयत्यांचा आवाज यायचा. ही माणसं त्याआधी पंधरा-वीस दिवस कुणाचा तरी दुसरा ऊस तोडून आलेली असतात, हे त्यांच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. आपल्या रानात टोळी दिवाळीनंतर येते म्हणजे ती घरून दिवाळीनंतर निघते, असं ते धरून चालले. पाथर्डी तालुक्यात बावीस वर्षं नोकरी करूनही त्यांना हे कोडं कधी पडलं नाही, कारण ऑक्टोबरात वर्ग रिकामे व्हायला लागले की तेही कोल्हारला जायची पिशवी भरत.

बारा तारखेला दुपारी शाळा सुटल्यावर मुली मैदानावरच थांबल्या. सरांच्या मोबाईलवर नवी मुंबईचा सामना लागला होता. नऊ डोकी एका पडद्यावर वाकली. जया मागं उभी राहून सगळ्यांच्या खांद्यांवरून बघत होती. गोलकीपर पडद्यावर आली की पुढं सरकायची.

"डोळे काय फोडता त्या मोबाईलवर," सर म्हणाले. "आपण खरीखुरी बघणार आहोत." आणि बॅटरी संपेल म्हणून त्यांनी तो बंद केला.

त्यानंतरच्या सोमवारी जयाची जागा रिकामी होती. मंगळवारीही. सरांना वाटलं, ताप असेल. साळूबाई घंटेपाशी उभ्या होत्या, त्यांना विचारलं.

"ती गेली की कारखान्याला," साळूबाई म्हणाल्या. "आयतवारी गाडी भरली त्यांची. तुमाला ठावं न्हाई व्हय? सत्यशीलेचा हात मोडल्यावर जोडीला कोन? हनुमंतासंगं पोरगीच जानार, हे पोळ्यालाच ठरलं हुतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सगळ्या गावाला म्हाईत हाय सर," साळूबाई म्हणाल्या, आणि तास संपल्याची घंटा द्यायला गेल्या.

सरांनी हनुमंतला फोन लावला. वाऱ्याचा आणि ट्रॅक्टरचा आवाज येत होता. सरांनी तीन दिवस मागितले. मी स्वतः घ्यायला येतो, स्वतः आणून सोडतो म्हणाले.

"सर, तुमचं खरं हाय," हनुमंत म्हणाला. "पन जोडीतलं एक मानूस उठलं की कोयता बंद पडतो. मी तोडीन, मोळ्या कोन बांधील? आन् एकाला सोडलं की मुकादम दुसऱ्याला काय सांगनार? तीन दिवस लई हुत्यात." मग तो म्हणाला, "आधीची मॅच असती तर पाठिवली असती. गावात हुती तवर तुमचीच हुती ती."

कारखाना कुठला, हे विचारल्यावर कळलं की टोळीचा तळ कोल्हारपासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर आहे. दिवाळीत सर कोल्हारातच होते. चकल्या खाताना त्यांच्या मनात रोज येत होतं की जाऊन यावं. ते गेले नाहीत. काय तोंडानं जायचं, हे त्यांना ठरवता येईना, आणि खरं म्हणजे त्यांना लाज वाटत होती.

तीस तारखेला जीप निघाली. शिरूरला चहा झाला, पुण्याच्या पुढं दशम्या झाल्या, ज्या मुलीला गाडी लागणार होती तिलाच लागली. सगळं आखल्याप्रमाणं झालं. नेरुळचं ते स्टेडियम, दिव्यांनी लखलखलेलं हिरवं गवत, हे बघून मुली पायऱ्यांवरच थांबल्या. एकीनं वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. सरांच्या डाव्या बाजूची खुर्ची मोकळी होती. एका पोऱ्यानं येऊन विचारलं, "काका, इथं कुणी आहे का?" सर म्हणाले, "आहे."

सामना स्पेन आणि कोलंबियाचा. मागं बसलेला एक बाप आपल्या लेकीला समजावून सांगत होता, "ह्याच दोन टीम बारा तारखेला इथंच खेळल्या होत्या बरं का. आपण आलो होतो की नाही?" लेक म्हणाली, "हो, तेव्हा गर्दी नव्हती, अगदी पुढं बसलो होतो."

सरांनी मागं वळून पाहिलं नाही. त्याच टीम. तेच गवत. आणि बारा तारखेला जया तिसगावच्या मैदानावर, आपल्या मोबाईलमागं टाचा उंचावून उभी होती. त्यानंतर सरांना सामना नीट दिसलाच नाही. गोल एकच झाला, तोही कोलंबियाच्याच मुलीच्या पायाला लागून तिच्याच जाळ्यात गेला. ती मुलगी डोकं धरून उभी राहिली. अख्खं स्टेडियम ओरडत होतं आणि सर तिच्याकडं बघत होते.

फोटो निघाला. चांगला आला. बॅनर मात्र सरांनी पिशवीतून काढलाच नाही, आणि साळूबाईंनीही आठवण करून दिली नाही.

परत आल्यावर एक दिवस गेला, मग ते मोटारसायकल काढून टोळीच्या तळावर गेले. कोप्यांत कुणी नव्हतं. एका म्हातारीनं हातानं दिशा दाखवली. फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसात, दुपारची भाकरी नुकतीच झाली होती. हनुमंत उठून उभा राहिला, सरांना पाणी दिलं आणि "बोला तुमी" म्हणून ट्रॅक्टरकडं गेला.

जया पाचटावर बसली होती. ड्रेसवर बापाचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, गालावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. हातात हिरवे हातमोजे होते. बोटांवरून ते फाटले होते आणि चिकानं काळे पडले होते.

"ह्ये लई कामी आले सर," तिनं मोजे दाखवले. "मोळी आवळताना पातं लागत न्हाई. बाकीच्या बाया मागत्यात माझ्याकडं."

सरांनी खिशातून पाकीट काढलं, तिचं नाव लिहिलेलं. तिनं मोजा काढून, हात शर्टाला पुसून तिकीट बाहेर घेतलं आणि सावकाश वाचलं.

"माझ्या खुर्चीवर कोन बसलं हुतं?"

"कुणी नाही. मी बसू दिलं नाही."

"गोलकीपर कशी हुती?"

सरांनी सांगितलं. कशी पुढं येते, हात कसे ठेवते, चेंडू लांब कसा फेकते. तिनं मधेमधे विचारलं, उडी कुठल्या पायावर मारती, ओरडती का. सर आठवतील तेवढं सांगत होते आणि आठवत फार कमी होतं. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"जया, तुला पोळ्यापासून माहीत होतं. मला एकदा सांगायचं नाहीस का? मी काहीतरी केलं असतं."

तिनं त्यांच्याकडं जरा नवलानं पाहिलं. रागानं नाही.

"सांगितलं हुतं की सर. पहिली मॅच चालनार न्हाई का, म्हनलं हुतं."

ट्रॅक्टरपाशी कुणीतरी शिट्टी मारली. जयानं तिकीट शर्टाच्या वरच्या खिशात घातलं, वरून बटण लावलं आणि मोजे चढवले. समोर बांधलेली मोळी पडली होती. सर पुढं झाले, वाकले, दोन्ही हात खाली घालून त्यांनी ती उचलायला पाहिली. ती गुडघ्यापर्यंत आली आणि सुटली.

"ऱ्हाऊ द्या सर," जया म्हणाली. तिनं मोळी उभी केली, डोकं खाली घातलं, एका हिसक्यानं ती डोक्यावर घेतली आणि ट्रॅक्टरकडं चालायला लागली. सर तिच्यामागं काही पावलं गेले आणि मग फडाच्या कडेला थांबले.