मनगटाला पेलणारा पॅन

मी एक जुना पॅन आहे. सिरॅमिकचा लेप दिलेला, लांब दांड्याचा, आतून पांढरा. मित्रांनो, तुम्ही माझी कीव करण्याआधी एक सांगून टाकतो. पॅनला दुखत नाही. त्यामुळे जे घडले ते मी शांतपणे सांगू शकतो.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमची चकती दाबून मला आकार दिला, वाळूपासून केलेला लेप आतून फवारला आणि भट्टीत भाजून काढले. तो लेप अगदी पातळ असतो, पण माझा सगळा मोठेपणा त्यातच आहे. खोक्यात माझ्यासोबत एक चिठ्ठी होती. आच मंद ठेवा, लाकडी उलथने वापरा, गार झाल्यावर मऊ स्पंजने धुवा. मी ज्या घरी गेलो तिथे ती चिठ्ठी त्याच दिवशी साखरेच्या डब्याखाली अंथरली गेली.

त्या घरच्या बाई शिवणकाम करत. पडदे लावताना त्या स्टुलावरून पडल्या आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, पण पकड काही परत आली नाही. कात्री कशीबशी चाले, जड लोखंडी तवा मात्र उचलेना. मग स्वयंपाक यजमानांकडे गेला. ते लाकडी सामानाला पॉलिश करणारे कारागीर. माणूस सोन्यासारखा, पण त्यांचे ऑम्लेट टेबलाच्या फळीइतके टिकाऊ. बाई ते निमूट खात. त्यांची मुलगी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिच्याजवळ मात्र त्या एकदा बोलल्या होत्या, “तक्रार नाही गं. पण माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणी झालेय.” म्हणून मुलीने मला आणले.

बाईंनी मला उजव्या हाताने उचलले, जरा तोलून पाहिले आणि हसल्या. “अहो, इकडे या! उचलला बघा, एका हातात!”

“वा! म्हणजे माझी नोकरी गेली,” यजमान म्हणाले आणि त्यांनी लगेच ॲप्रन सोडून खुंटीला लावला. घाई जरा जास्तच होती.

पुढची तीन वर्षे माझा थाट होता. अंडे माझ्यावरून घसरत ताटात जायचे. शेजारणींना बोलावून बाई माझे प्रयोग दाखवत. मला त्याचे विशेष काही वाटत नसे. मी माझे काम करत होतो.

पण मित्रांनो, कौतुक झाले की माणसे निर्धास्त होतात. शिवणाची घाई असली की बाई आच मोठी करत. तेल कडेला सांडून करपे. तापलेला मी तसाच नळाखाली जाई आणि मोठ्याने चरचरे. हळूहळू माझ्यावर तपकिरी पुट चढले. अंडे चिकटू लागले. खरवडायला जोर लागे, आणि जोर तर त्या मनगटात नव्हता. बाई एका हाताने दांडा धरत, दुसऱ्याने खरवडत आणि मधेच थांबून मनगट चोळत.

यजमानांनी ते पाहिले. एका दुपारी बाई शिवलेले कपडे पोचवायला गेल्या, तेव्हा त्यांनी मला गुपचूप उचलून आपल्या कामाच्या फळीवर ठेवले. त्यांना बायकोला खूश करायचे होते. आयुष्यभर ते एकच गोष्ट शिकले होते. खडबडीत वस्तू बारीक पॉलिश पेपरने घासली की गुळगुळीत होते. ते शीळ घालत गोल गोल घासू लागले. बोटांना पांढरी भुकटी लागली. लाकडाच्या बाबतीत भुकटी निघणे चांगले. माझ्या बाबतीत ते तसे नव्हते, पण मला विचारतो कोण? तळहाताएवढी जागा घासून झाली आणि बाईंची चाहूल लागली, म्हणून मी वाचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडे नेमके त्याच जागी डिंकासारखे चिकटले. बाईंनी ते खरवडून काढले, मला खिडकीशी नेले आणि तिरपे धरून पाहिले.

“अहो, हे तुम्ही केलंत?”

“मी? छे! मी कशाला...”

“हे गोल गोल हात मी ओळखते. आपल्या कपाटाच्या दारावर हेच आहेत.”

यजमानांनी घासलेल्या जागेवरून बोट फिरवले. “लाकूड घासलं की छान होतं गं. मला वाटलं, तुला त्रास होतोय...”

बाई रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी मला ओट्यावर ठेवले आणि खुंटीवरचा ॲप्रन काढून नवऱ्याच्या हातात दिला. “घ्या. आता पुन्हा तुमच्याच हातचं.” आवाज हसरा काढायचा होता, तो जमला नाही. त्या शिवणयंत्राशी जाऊन बसल्या, पण यंत्र काही सुरू झाले नाही.

संध्याकाळी मुलगी आली. तिने मला दिव्याखाली धरले, नखाने चाचपले. “बाबा, दातावर कीटण चढणं वेगळं आणि दात झिजणं वेगळं. हे तपकिरी नुसतं जळकं तेल आहे, खालचा लेप शाबूत आहे. तुम्ही घासलंत तिथे मात्र झिजलाय. तिथलं गेलं ते गेलं.”

“आणि बाकीचं?” बाई दारातून म्हणाल्या.

“बाकीचं निघेल. घासायचं नाही, भिजवायचं.”

तिने कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून मला त्याचा लेप दिला. तासाभराने मऊ ब्रश, दात घासावेत तसा, हलक्या हाताने फिरवला. पुट सुटले. खालून माझा पांढरा रंग दिसला. झिजलेला डाग दांड्याजवळ राहिला, तो आजही आहे. मग तिने साखरेचा डबा उचलून खालची चिठ्ठी काढली आणि शेगडीच्या वर चिकटवली.

यजमानांनी तीन दिवस खपून एक लाकडी उलथने केले. मूठ जाडजूड, कमी पकडीच्या हातालाही नीट धरता येईल अशी. त्याला मात्र त्यांनी मनसोक्त पॉलिश पेपर मारला.

मित्रांनो, आमची काळजी घ्यायची तर फार काही करावे लागत नाही. आच मंद ठेवा, गार होऊ द्या, भिजू द्या. आणि प्रेमाचे भरते आले तरी घासण्याआधी एकदा विचारा.

उलथने तयार झाले त्या सकाळी बाईंनी मंद आचेवर, डाग सोडून अंडे फोडले. ते सुटले. त्यांनी मला उजव्या हाताने उचलले. मनगट जरा थरथरले. यजमानांचा हात मदतीला पुढे आला, वाटेत थांबला आणि त्यांनी तो मागे घेतला. अंडे घसरत त्यांच्या ताटात आले.

“बसा आता,” बाई म्हणाल्या, “गरम आहे तोवर खा.”