मला पाठपिशवीचा हेवा वाटतो

मित्रांनो, मी एक जुनी काडतूसपेटी आहे. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव काही फार चांगला नाही. मी जळकी आहे.

खोगिरे शिवणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. जाड कमावलेले चामडे कापून, आरीने भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने त्याने मला शिवले आणि झाकणाला पितळी गुंडी बसवली. मग मी पायदळातल्या एका शिपायाच्या कमरेला गेले. काडतुसे कोरडी ठेवणे हे माझे काम. नदी ओलांडताना तो मला डोक्यावर धरायचा. स्वतः गळ्यापर्यंत भिजायचा, पण मला थेंब लागू द्यायचा नाही. पुढे लढाई संपली, शिपाई घरी परतला, म्हातारा झाला आणि गेला. त्याच्या सुनेने माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

अखेर जुन्या बाजारात चष्मेवाल्या काकांनी मला पाहिले. काकांचे चष्म्यांचे दुकान होते आणि शिपायांच्या जुन्या चामडी वस्तू जमवण्याचे त्यांना वेड होते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझा टाका न् टाका तपासला. घरी नेऊन मला बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात अगदी मधोमध ठेवले. काकूंच्या कपाळाला आठी पडली.

"माझा वाढदिवस विसरता, आणि हिची धूळ मात्र रोज पुसता! सवतच आणलीत माझ्या उरावर."

सवत! मित्रांनो, मला कोण आनंद झाला. मी कपाटात ताठ बसू लागले.

माझा तोरा फार टिकला नाही. काकांनी शिपायाची एक पाठपिशवी आणली. रुंद पट्टे, मोठी बकले, अंगाने ऐसपैस. मला कडेला सारून तिला मधोमध बसवले. आता सवत म्हणजे काय ते मला कळले. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी काका तिला तेल चोळायचे. "बघ कशी मऊ झाली!" असे स्वतःशीच म्हणायचे. माझ्या वाट्याला कोरडे फडके, तेही काकूंच्या हातचे. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यातच एक दिवस काका म्हणाले, "अगं, कपाटात दाटी होतेय. ही पेटी माझ्या मित्राला देऊन टाकावी म्हणतो. रविवारी येणारच आहे तो."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पाय नसले म्हणून काय झाले?

रविवारी मित्र आले. काकांनी मोठ्या हौसेने पिशवी पाठीला अडकवली, छाती काढली आणि एक गिरकी घेतली. फट्कन एक पट्टा तुटला. दुसरा शिवणीतून उसवला आणि पिशवी फरशीवर आपटली. रोजच्या तेलाने तिचे चामडे आतून लिबलिबीत झाले होते आणि दोरा कुजला होता. खोटे कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

काका खाली बसले. "मी तर जपत होतो हिला," एवढेच म्हणाले. मला देऊन टाकण्याचा विषय मग कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला हातात घेतले आणि तेलाची डबी उघडली. पिशवीचे हाल डोळ्यांनी पाहिले होते, तरी मी मोहरले. शेवटी माझी पाळी आली होती! पण काकूंनी डबी हिसकावून घेतली.

"अहो, हिला तरी राहू द्या. माझ्यासारखी आहे ती. कोरडी, पण धडधाकट."

म्हणून मित्रांनो, जुने चामडे तेलात बुडवू नका. कोरड्या फडक्याने पुसा, ऊन आणि ओल लागू देऊ नका. मायेलाही माप असू द्या.

आता मी पुन्हा मधोमध असते. फाटकी पिशवी मलमलीत गुंडाळून खालच्या खणात ठेवली आहे. दुकानात निघताना काका रोज खाली वाकतात, खण उघडतात आणि तिच्यावरून हळूच हात फिरवतात. तोवर त्यांना उशीर झालेला असतो. तुमच्यापैकी कोणी त्यांना एवढे सांगाल का, की जी मोडलेली नाही तिच्याकडेही कधी बघावे?