बारा तारीख दोघांची

मी कालावधी बोलतोय. शरयूताईंनी लिहिलेल्या प्रोग्राममधला एक क्लास, म्हणजे साचा. 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा माझ्या पोटात असतात. प्रत्येक नोंदीसाठी माझ्यातून एक नवा ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्याची एक प्रत, घडतो.

नालवाडीत रुग्णसाहित्य केंद्र आहे. व्हीलचेअर, कुबड्या, ऑक्सिजनचं यंत्र अशा वस्तू लोक तिथून ठरावीक दिवसांसाठी नेतात. शरयूताई नोकरी सांभाळून केंद्राचं काम बघतात.

माझ्या जन्माआधी या तारखा प्रोग्रामभर सुट्या फिरायच्या. एकच वस्तू एका दिवशी दोघांना जाऊ नये, ही तपासणी तीन ठिकाणी वेगवेगळी लिहिलेली होती. ताईंनी मला घडवलं आणि यापुढे हा प्रश्न मलाच विचारायचा, असं ठरवलं. मी परतीचा दिवसही व्यापलेला धरायचो. दोन ठिकाणी त्यांनी जुनी ओळ काढून मला बसवलं. फोनवरच्या नोंदींचं पान तेवढं राहून गेलं. तिथल्या जुन्या ओळीच्या मते परतीचा दिवस मोकळाच होता.

मार्चमध्ये ते अंगाशी आलं. सिंदीच्या नानांकडे ऑक्सिजनचं यंत्र बारा तारखेपर्यंत होतं. केंद्रात तेवढं एकच. जामच्या पंचफुलाबाईंनी फोन करून तेच यंत्र बारापासून मागितलं, आणि नोंद झाली. माझ्याकडे कोणी विचारणा केलीच नाही.

बाराला सकाळी पंचफुलाबाई केंद्रात आल्या. त्यांचे यजमान भैय्याजी यांना वर्ध्याच्या दवाखान्यातून सुटी मिळाली होती, पण यंत्राशिवाय घरी नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाना संध्याकाळी यंत्र परत करणार होते. ताईंनी चूक कबूल केली.

पंचफुलाबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "कागदावर बारा तारीख आहे. तुमची बारा सकाळी सुरू होते का संध्याकाळी, हे मले कोनी सांगतलं नाई."

ताईंनी रजा टाकली, गाडी केली आणि सिंदी गाठली. नानांना आता यंत्राची गरज उरली नव्हती. शेवटचा दिवस आपला म्हणून त्यांनी ते ठेवलं होतं. त्यांनी ते पुसून हाती दिलं. तोवर भैय्याजी दवाखान्याच्या बाकावर चार तास बसून होते. दुपारी यंत्र पोचलं आणि ते जामला गेले.

त्याच आठवड्यात ताईंनी ती जुनी ओळ पुसली. आता मी तारखेसोबत वेळही बाळगतो. 'पासून'चा क्षण माझा, 'पर्यंत'चा क्षण पुढच्या नोंदीचा. माझ्या दोन तारखा बाहेरून कोणी परस्पर बदलू शकत नाही.

पंचफुलाबाईंनी यंत्र पंधरा दिवसांसाठी मागितलं होतं. मुदत संपत आली तेव्हा ताईंनी फोन करून विचारलं, आता कधीपर्यंत लिहू?

"डॉक्टरले बी सांगता आलं नाई. मी कशी सांगू?"

शेवट नसलेला कालावधी मला तोवर माहीतच नव्हता. ताईंनी मला तोही शिकवला आणि केंद्रासाठी दुसरं यंत्र मिळवलं.

आज माझ्यातून घडलेले शेकडो कालावधी सुरू होतात, संपतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, दोन तारखांचं नातं तपासायचं असेल तर मलाच विचारा, एवढंच मागणं आहे. जामच्या त्या नोंदीला आठ महिने झाले. तिथे 'पर्यंत'ची जागा अजून रिकामी आहे. ती भरायची मला मुळीच घाई नाही.